भूकंपाचें मोजमाप करणारा पुरुष : प्रोफेसर जॉन मिल्न

इ.स. २०२४ मधील जुलै महिन्याची १० तारीख आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील लोक सहसा विसरणार नाहींत. त्या दिवशीं सकाळीं सव्वासातच्या सुमारास वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत जमीन हादरली. मांडणीवरचीं भांडीं खणखणलीं, घरांवरचे पत्रे वाजले, आणि माणसें मुलाबाळांस घेऊन अंगणांत धांवलीं. धक्का ४.५ परिमाणाचा होता. त्याच वर्षीं २१ मार्च रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास असाच एक धक्का बसून गेला होता. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. परंतु मनांत जें भय शिरलें तें लवकर निघालें नाहीं.

त्या दिवसांत आमच्या एका विद्यार्थ्यानें वर्गांत एक शंका काढली. मुंबईचा वांद्रें-वरळी सागरी सेतु त्यानें सुट्टींत पाहिला होता. दगडविटांचें पक्कें घर जर असें थरथरतें, तर उंच मनोऱ्यावरून नुसत्या तिरप्या दोरांनीं तोलून धरलेला तो पूल भूकंपांत कसा टिकेल, अशी त्याची शंका होती. शंका उत्तम होती. तिचें उत्तर देऊं लागलों असतां आम्हांस एका थोर पुरुषाचें चरित्र आठवलें. त्यानें असा पूल कधीं पाहिला नव्हता. तथापि ज्या विचारानें असे पूल भूकंपांत उभे राहतात, तो विचार त्यानें एका लहानशा लांकडी घरावर पारखून पाहिला होता. आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस त्या पुरुषाची ओळख करून द्यावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

जॉन मिल्न यांचा जन्म इंग्लंडांत लिव्हरपूल शहरीं ता. ३० डिसेंबर १८५० रोजीं झाला. लंडन येथील किंग्ज कॉलेजांत व नंतर खाणींच्या विद्येचें शिक्षण देणाऱ्या रॉयल स्कूल ऑफ माइन्स या संस्थेंत त्यांचा अभ्यास झाला. त्यांना लहानपणापासून प्रवासाची मोठी हौस. शिक्षण पुरें झाल्यावर त्यांनीं न्यूफाउंडलंड बेटावर खाणींसाठीं जमिनीची पाहणी केली. पुढें १८७४ सालीं, ज्या सीनाय पर्वतावर मोशेला आज्ञा मिळाल्या तो पर्वत नेमका कोणता, याचा शोध करण्यास निघालेल्या डॉक्टर बेक यांच्या मंडळींत ते भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून सामील झाले.

त्या काळीं जपान देश जुनी कवाडें उघडून नव्या विद्येचा स्वीकार करीत होता. तेथील सरकारनें परदेशांतून शिक्षक बोलाविले, त्यांत मिल्न यांची टोकिओच्या इंजिनियरिंग कॉलेजांत खाणशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचे प्रोफेसर म्हणून १८७५ सालीं निवड झाली. त्या वेळीं त्यांचें वय २४ वर्षांचें होतें. जहाजानें न जातां ते युरोप, रशिया, सैबेरिया, मंगोलिया व चीन असा खुष्कीचा मार्ग धरून निघाले. कडाक्याची थंडी व वाटेतले हाल सोसून अनेक महिन्यांनीं, १८७६ च्या मार्चांत, ते टोकिओस पोंचले. पोंचले त्याच रात्रीं भूकंपाच्या धक्क्यानें त्यांचें स्वागत केलें, असें सांगतात.

जपानांत भूकंप ही नित्याची गोष्ट. परंतु ता. २२ फेब्रुवारी १८८० रोजीं योकोहामा येथें जो धक्का बसला, त्यानें कित्येक घरांचीं धुराडीं कोसळलीं आणि तेथील परदेशी विद्वान खडबडून जागे झाले. मिल्न यांनीं पुढाकार घेऊन त्याच वर्षीं जपानची भूकंपशास्त्रीय संस्था स्थापन केली. केवळ भूकंपाच्या अभ्यासाला वाहिलेली जगांतील ही पहिली संस्था होय.

मिल्न यांचें थोरपण कशांत आहे, तें येथें नीट समजून घेतलें पाहिजे. त्यांच्यापूर्वीं लोक भूकंप झाला म्हणजे तो भयंकर होता, घोर होता, एवढेंच सांगत. जमीन किती हलली, कोणत्या दिशेनें हलली, किती वेगानें हलली, हे प्रश्न विचारणारे थोडे होते. आणि त्यांचीं उत्तरें आंकड्यांनीं देण्याजोगें चांगलें साधन कोणापाशीं नव्हतें. ज्याचें माप घेतां येत नाहीं त्यावर उपायहि नेमका सांपडत नाहीं. मिल्न यांनीं आपले सहकारी युइंग व ग्रे यांच्यासह माप घेण्याचें यंत्र सिद्ध करण्याच्या कामास वाहून घेतलें.

त्या यंत्राचें तत्त्व सोपें आहे. बैलगाडीच्या दांडीला टांगलेला कंदील पाहा. गाडीला अकस्मात् हिसका बसला तर गाडी पुढें जाते, पण कंदील क्षणभर आपल्या जागींच राहूं पाहतो. याचप्रमाणें एक जड वजन अशा युक्तीनें टांगावें कीं खालची जमीन हादरली तरी तें जवळजवळ स्थिर राहील. मग जमीन आणि तें वजन यांच्यामध्यें जी हालचाल होते, ती कागदावर रेघेच्या रूपानें उमटवून घ्यावी. अशा रीतीनें भूकंपानें आपली सही आपणच करावी, अशी योजना झाली. टांगलेली वस्तु जमिनीचा सगळा धक्का आपल्या अंगावर घेत नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें पुलाच्या प्रकरणीं ती उपयोगी पडणार आहे.

यंत्रें थोडीं आणि देश मोठा. म्हणून मिल्न यांनीं एक साधी युक्ति काढली. टोकिओच्या भोंवतालच्या गांवोगांवच्या कामगारांकडे त्यांनीं पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठविले आणि दर आठवड्यास, धक्के बसले कीं नाहीं तें कळवावें, अशी विनंति केली. या कार्डांवरून कोणत्या प्रदेशांत धक्के वारंवार उत्पन्न होतात तें त्यांना नकाशावर मांडतां आलें. नैसर्गिक भूकंपाची वाट पाहत न बसतां, जड लोखंडी गोळा उंचावरून खालीं सोडून आणि सुरुंग उडवून त्यांनीं लहानसे कृत्रिम भूकंपहि निर्माण केले व जमिनींतून लहरी कशा पसरतात तें पाहिलें.

१८८१ सालीं मिल्न यांचा विवाह हाकोदाते येथील एका बौद्ध मठाधिपतींच्या कन्या तोने यांच्याशीं झाला. देश, भाषा व धर्म भिन्न असतांहि या उभयतांचा संसार अखेरपर्यंत सुखाचा झाला.

आतां त्या लांकडी घराची हकीकत सांगतों. भूकंप थांबवितां येत नाहीं. पण घर आणि जमीन यांचा संबंध थोडा सैल केला तर धक्का घरांत शिरणारच नाहीं, असें मिल्न यांच्या मनांत आलें. त्यांनीं सुमारें २० फूट लांब व १४ फूट रुंद असें एक लांकडी घर बांधविलें आणि तें पायावर न ठेवतां, पायाच्या खांबांवर बशीसारख्या लोखंडी तबकड्या बसवून त्यांत १० इंच व्यासाचे लोखंडी गोळे ठेवले व त्या गोळ्यांवर घर उभें केलें. जमीन हादरली तर गोळे फिरतील आणि घर जागच्या जागीं राहील, अशी कल्पना.

धक्का आला तेव्हां कल्पना बरीचशी खरी ठरली. परंतु दुसरेंच संकट उपस्थित झालें. जोराचा वारा सुटला कीं घर आपोआप डुलूं लागे. आंत कोणी चाललें तरी तें हले. भूकंप वर्षांतून कांहीं वेळां येणार, वारा तर रोजचाच! मिल्न यांनीं हार मानली नाहीं. त्यांनीं गोळे ८ इंचांचे केले, मग १ इंचाचे केले, आणि शेवटीं प्रत्येक खांबाखालीं पाव इंच व्यासाचे, बंदुकीच्या छऱ्यांएवढे मूठभर लोखंडी गोळे ठेवले. आतां त्या बारीक गोळ्यांमध्यें घर्षण इतकें वाढलें कीं वाऱ्यानें घर ढळेना. पण जमिनीचा जोराचा हिसका बसला कीं तें घर पायावर सरके आणि आंतील यंत्रावर बाहेरच्या मानानें फारच थोडा हादरा उमटे. वाऱ्याला दाद द्यावयाची नाहीं, पण भूकंपाशीं हट्ट धरावयाचा नाहीं, हा धडा त्या छऱ्यांनीं शिकविला.

यानंतर ता. २८ ऑक्टोबर १८९१ चा दिवस उजाडला. सकाळीं साडेसहा वाजून गेल्यावर मध्य जपानांतील मिनो व ओवारी या प्रांतांत प्रचंड भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. नव्या पद्धतीच्या विटांच्या इमारती ढासळल्या आणि जुन्या घरांचीहि धूळधाण झाली. नागारा नदीवरचा रेल्वेचा नवा लोखंडी पूल कोसळला; त्याचे खांब मोडले व वरच्या कमानी नदींत पडल्या. मिल्न यांनीं आपले स्नेही बर्टन यांच्यासह तो प्रदेश फिरून पाहिला आणि त्या विध्वंसाच्या छायाचित्रांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुलाचा भार सहन करण्याइतका खांब बळकट असला म्हणजे झालें, ही समजूत त्या दिवशीं नदीच्या पात्रांत मोडून पडली. भार वरून खालीं येतो, भूकंपाचा धक्का आडवा येतो. आणि वरचें ओझें जितकें जड, तितका तो आडवा धक्का खांबाच्या बुडाशीं अधिक जोरानें बसतो. पुढच्याच वर्षीं जपान सरकारनें भूकंपसंशोधन समिति नेमली, तिच्यांत मिल्न यांना स्थान मिळालें.

एवढें कार्य करणाऱ्या पुरुषाच्या नशिबीं मोठा आघात होता. १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांच्या घरास आग लागली. घर, वेधशाळा, यंत्रें, ग्रंथसंग्रह आणि वीस वर्षांच्या नोंदी, बहुतेक सारें जळून गेलें. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. मिल्न त्याच वर्षीं पत्नीसह इंग्लंडास परतले. जपानच्या बादशहांनीं त्यांचा मानचिन्ह देऊन गौरव केला. वाइट बेटावरील शाइड या खेड्यांत घर घेऊन त्यांनीं पुन्हां पहिल्यापासून प्रारंभ केला.

आतां त्यांचें लक्ष साऱ्या पृथ्वीकडे लागलें होतें. १८८९ सालीं जर्मनींतील पॉट्सडॅम येथें एका विद्वानाच्या नाजूक यंत्रावर जपानांतील भूकंप उमटला होता. म्हणजे भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटांतून हजारों मैल प्रवास करतात, हें सिद्ध झालें. मिल्न यांनीं आपलें यंत्र सुटसुटीत केलें व ब्रिटिश असोसिएशनच्या साह्यानें तें जगाच्या चारी दिशांस पाठविलें. १८९७ च्या जूनांत आसामांत महाभयंकर भूकंप झाला, तेव्हां हिंदुस्थानांतहि अशीं यंत्रें असण्याची गरज सर्वांस पटली. १८९८ सालीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत मिल्न यांचें यंत्र बसलें. त्या वेळीं वेधशाळेचे मुख्य डॉक्टर नानाभाई मूस हे होते; त्या पदावर आलेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ. अशा रीतीनें शाइडच्या त्या खेड्याशीं आपल्या महाराष्ट्राचा धागा जुळला. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशीं गेले, त्यांच्याबरोबरहि मिल्न यांचें यंत्र होतें. ठिकठिकाणच्या नोंदी टपालानें शाइडला येत, आणि मिल्न व त्यांचे जपानी साहाय्यक हिरोता त्या ताडून पाहत. १९०८ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें पदक दिलें. ता. ३१ जुलै १९१३ रोजीं मिल्न परलोकवासी झाले. पुढें त्यांच्या पत्नी आपल्या मायदेशीं परतल्या.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या शंकेकडे वळूं. तिरप्या दोरांच्या या पुलांस केबल-स्टेड पूल म्हणतात. अलीकडच्या पद्धतीचा असा पहिला मोठा पूल स्वीडनमध्यें स्ट्रॉमसुंड येथें १९५५ च्या सुमारास झाला. यांत रस्त्याचा लांब तक्ता उंच मनोऱ्यावरून पोलादी दोरांनीं तोललेला असतो. तो पाहतांना भय वाटतें खरें. पण या टांगलेपणांतच त्याचें रक्षण आहे. झोक्यावर बसलेल्या मुलास कोणी भरभर बारीक धक्के दिले तर झोका फारसा चढत नाहीं. त्याच्या लयीवर धक्का दिला तरच तो चढतो. लांब पुलाचा तक्ता मंद लयीचा असतो; त्यास एकदां इकडून तिकडे जाऊन येण्यास कित्येक सेकंद लागतात. भूकंपाचे हिसके बहुधा एका सेकंदाच्या आंतबाहेर असतात. म्हणून दगडी घराला जो हिसका पुरता भोंवतो, तो या तक्त्यास तितका भोंवत नाहीं. मिल्न यांच्या यंत्रांतील टांगलेलें वजन असेंच जागच्या जागीं राहत होतें, हें वाचकांस स्मरत असेलच.

पण झोका मोकाट सुटला तर खांबावर आदळेल, आणि वादळांत पूल डुलत राहिला तर त्यावरून कोण जाईल? मिल्न यांच्या लांकडी घरापुढचा प्रश्न तो हाच. पवित्र शास्त्रांत ज्या करिंथ नगराचें नांव येतें, त्याच नांवाच्या ग्रीस देशांतील आखातावर २००४ सालीं रिऑन-अँटिरिऑन पूल खुला झाला. त्याला चार मनोरे आहेत व मधले तीन गाळे प्रत्येकीं ५६० मीटरांचे आहेत. तेथें पाणी सुमारें ६५ मीटर खोल, खालीं मऊ माती, आणि प्रदेश भूकंपाचा. तेथील इंजिनियरांनीं तक्ता मनोऱ्यांस घट्ट न जोडतां दोरांवर संपूर्ण टांगला. वाऱ्यानें तो हलूं नये म्हणून त्यास आडवे टेके दिले. परंतु ते घरांतील विजेच्या फ्यूजसारखे आहेत. रोजच्या वाऱ्यास ते पुरून उरतात आणि मोठा भूकंप आला कीं ठरल्याप्रमाणें आपण तुटून तक्त्याला मोकळें करतात. मग मोटारगाडीच्या शॉकॲब्सॉर्बरसारखीं, पण फारच मोठीं, तेलाचीं नळकांडीं तक्त्याचा झोक आवरतात व त्याचा जोर शोषून घेतात.

पायाची योजना तर याहून नवलाची आहे. मऊ मातींत पोलादी नळ्या ठोकून ती बळकट केली, वर सुमारें तीन मीटर जाडीचा खडीचा थर पसरला, आणि ९० मीटर व्यासाचा पाया त्या थरावर नुसता टेकविला. भूकंप अति झाला तर पाया खडीवर थोडा सरकेल, पण मनोरा मोडणार नाहीं. मूठभर छऱ्यांवर सरकणारें मिल्न यांचें घर आणि खडीवर सरकणारा हा अजस्र पाया, दोहोंमागील विचार एकच नव्हे काय? २००८ च्या जूनांत त्या भागांत मोठा भूकंप झाला, तरी पूल सुखरूप राहिला.

मनोऱ्यांतहि अशीच दूरदृष्टि असते. काँक्रीटच्या आंतील उभ्या सळ्यांभोंवतीं लोखंडी कड्या दाट बांधतात, म्हणजे मनोरा वांकला तरी एकदम फुटत नाहीं. तक्त्याच्या टोकाशीं हालचालीपुरती फट ठेवतात. ही काळजी कमी पडली तर काय होतें, तें जपानांतच १७ जानेवारी १९९५ रोजीं कोबे येथें दिसलें. तेथें खांबांवरचा पक्का उंच रस्ता सुमारें अर्धा मैल आडवा झाला. जवळच्याच पूर्व-कोबे येथील केबल-स्टेड पुलाचे मनोरे व दोर शाबूत राहिले, परंतु टोकाकडील आधार तुटले. भूकंप नेमका सर्वांत दुबळा सांधा शोधून काढतो, हा बोध त्यापासून घ्यावयाचा. मुंबईचा सागरी सेतु २००९ च्या जूनांत खुला झाला, त्यांतहि भूकंपाचा जोर शोषून घेणारीं साधनें बसविलेलीं आहेत. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यानें निश्चिंत असावें; तो पूल नुसत्या दोरांवर नव्हे, तर सव्वाशें वर्षांहून अधिक काळच्या मोजमापावर उभा आहे.

असो. पूल मोठमोठे इंजिनियर बांधतील. आपल्या घराचें काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारी परिसरांत हजारों माणसें मरण पावलीं, तीं जमिनीनें गिळलीं नाहींत. मातींत रचलेल्या जड दगडी भिंती व मातीचीं जड धाबीं त्यांच्या अंगावर कोसळलीं. नागारा नदीवरच्या पुलानें दिलेला धडा तो हाच : वरचें ओझें जितकें जड, तितकें संकट थोर. आमच्याकडे पत्रे वाऱ्यानें उडूं नयेत म्हणून त्यांवर मोठाले दगड ठेवण्याची रीत आहे. वाऱ्याचा बंदोबस्त होतो खरा, पण तेच दगड भूकंपांत खालीं निजलेल्या लेकरांवर येतात. मिल्न यांस पडलेलें कोडें आपल्याहि घरावर बसलेलें आहे! पालकांनीं ते दगड उतरवून पत्रे हुकांनीं व पट्ट्यांनीं घट्ट आवळावे, ही आमची कळकळीची विनंति. तसेंच, अमुक दिवशीं भूकंप होणार अशी वार्ता कोणी पसरविली तर ती खरी मानूं नये. भूकंपाचा नेमका दिवस आधीं सांगण्याची विद्या मनुष्यास अजून साधलेली नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, भय सर्वांनाच वाटतें. मिल्न यांच्या घरचीं भांडींहि खणखणत होतीं. परंतु त्यांनीं भयास प्रश्न विचारला, प्रश्नास माप लावलें, चुकलेलें माप पुन्हां घेतलें, आणि सर्व जळून गेल्यावरहि नव्या कागदावर पहिली रेघ ओढली. आपल्या जिल्ह्यांत पुन्हां जमीन हलली तर आधीं बाहेर मोकळ्या जागेंत या. पण नंतर वहींत वेळ, दिशा आणि काय काय हललें तें लिहून ठेवावयास विसरूं नका. एवढी संवय लागली तरी या चरित्राचें वाचन सार्थकी लागलें असें आम्ही समजूं.